चौकटीबाहेरचेही दिसावे म्हणून

हाती असलेला रेंजफाइंडर कॅमेरा देऊन त्याच्या बदल्यात एसएलआर घ्यावा काय, हा प्रश्न साहित्याच्या चर्चेत आणणे काहींना अप्रस्तुत वाटेल. फिल्मचे कॅमेरे बाजारातून जवळजवळ हद्दपार झाले असताना त्यांतल्या दोन जातींत निवड करीत बसणे ही हौशी मंडळींची चैन आहे, असेही कोणी म्हणेल. आमच्यापुरता मात्र हा प्रश्न गेले चार महिने खरा आहे. त्याचा ऊहापोह करता करता आम्ही वारंवार ज्या जागी येऊन पोहोचलो, ती जागा साहित्याच्या अभ्यासकांना परकी नाही. सांगणारा कुठे उभा असतो, तिथून त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा तो मुद्दा. म्हणून हे टिपण.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवणारे आम्ही तिघे सुटीच्या दिवशी कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत या तालुक्यांतल्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या लिहून घेतो. हा उद्योग नवा नव्हे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुढे 'पारी'ने तो ठेवा लोकांसमोर आणला, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्यापुढे आमचे काम ओंजळभर. त्यात आमचा एक शिरस्ता आहे. ओव्या लिहून घेतल्यावर त्या म्हणणाऱ्या बाईचे छायाचित्र काढायचे आणि पुढच्या खेपेला त्याची प्रत तिच्या हाती द्यायची. गिरण्या आल्यापासून रोजचे दळण जात्यावर होत नाही. लग्नातली हळद किंवा आमच्यासारख्यांचा आग्रह, एवढ्यापुरतेच जाते फिरते. ज्यांना ओव्या येतात त्या बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या. गेल्या दोन वर्षांत आमच्या वहीतल्या पाच जणी गेल्या. त्यांतल्या दोघींच्या घरी हार घालून भिंतीवर लावलेला फोटो आम्ही काढलेला आहे. त्यांचा दुसरा धड फोटो घरात नव्हता. कॅमेरा कोणता असावा हा प्रश्न आम्हांला हौसेचा वाटत नाही, तो यामुळे.

हा कॅमेरा म्हणजे याशिका इलेक्ट्रो 35, जीएसएन. मूळ इलेक्ट्रो 35 हा 1966 सालचा, जीएसएन 1973 सालचा. 45 मिलिमीटरचे एकच भिंग, तेही न निघणारे. त्याच्या बदल्यात एका परिचित हौशी गृहस्थांनी पेंटॅक्स के1000 देऊ केला आहे. सोबत 50 आणि 135 मिलिमीटर अशी दोन भिंगे. वर एक पैसाही द्यावयाचा नाही. के1000 हा 1976 पासून 1997 पर्यंत निघत राहिलेला, जगभरच्या छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांनी हाताळलेला कॅमेरा. व्यवहार म्हणून पाहता नाकारण्यासारखे त्यात काही नाही. आमच्यापैकी एक सहकारी पहिल्या दिवसापासून या अदलाबदलीच्या बाजूने आहेत, आणि त्यांची बाजू लेचीपेची नाही.

दोन्ही यंत्रांतला भेद नीट समजून घेतल्याखेरीज वादाला अर्थ नाही. रेंजफाइंडरमध्ये पाहण्याची खिडकी आणि चित्र घेणारे भिंग ही दोन वेगळी असतात. कॅमेऱ्याच्या वरच्या भागात दुसरी एक लहान खिडकी असते. तिच्यातून आलेली प्रतिमा आरशाच्या साहाय्याने पहिल्या खिडकीच्या मध्यावर एका पिवळसर ठिपक्यात पडते. भिंगाचे कडे फिरवले की ही दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर चपखल बसल्या की त्या वस्तूचे अंतर साधले असे समजायचे. आपल्या दोन डोळ्यांनी आपण अंतराचा अदमास घेतो, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती. खिडकीत एक उजळ चौकट दिसते. चित्रात येईल ते त्या चौकटीच्या आत. चौकटीबाहेरचेही थोडे दिसतच राहते.

एसएलआरमध्ये हा दुजाभाव नाही. भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर जातो आणि पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत येतो. भिंगाला जे दिसते तेच छायाचित्रकाराला दिसते. भिंग बदला, दृश्य बदलते. मागचे पुसट झाले तर तेही थेट दिसते. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, फिल्मवर प्रकाश पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. याचा अर्थ असा की जो क्षण फिल्मवर उमटतो, नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही. त्या निमिषापुरता त्याच्यापुढे अंधार असतो. रेंजफाइंडरवाल्याला तो क्षण उघड्या डोळ्यांनी दिसतो, पण भिंगाला तो कसा दिसला हे रोल धुऊन येईपर्यंत कळत नाही. एकाला चित्र दिसते, क्षण दिसत नाही. दुसऱ्याला क्षण दिसतो, चित्र दिसत नाही. या दोन उणिवांपैकी कोणती पत्करावयाची, एवढाच खरे तर निवडीचा अर्थ आहे.

इतिहासाने आपला कौल कधीच दिला आहे. 1925 साली बाजारात आलेल्या लायकाने 35 मिलिमीटरचा लहान कॅमेरा रूढ केला, 1932 च्या लायका दोनमध्ये रेंजफाइंडर आला आणि पुढची पंचवीसएक वर्षे वार्ताचित्रणात या जातीचा दबदबा राहिला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ 1947-48 मध्ये भारतात आले ते लायका घेऊनच. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींच्या हत्येपूर्वी काही तासच आधी ते त्यांना भेटले होते, आणि त्यानंतरच्या दिवसांची त्यांची चित्रे आपल्या सामूहिक स्मृतीचा भाग झाली आहेत. 1959 मध्ये निकॉन एफ आला. त्याची घडण निकॉनच्याच एसपी या रेंजफाइंडरच्या सांगाड्यावर बेतलेली होती. तो आला आणि दहा वर्षांच्या आत व्यावसायिकांनी पारडे फिरवले. लांब पल्ल्याची भिंगे, अगदी जवळून घ्यावयाची चित्रे, नेमकी चौकट या तिन्ही बाबतींत रेंजफाइंडर उघडच लंगडा होता. तेव्हा अदलाबदलीच्या बाजूने असलेले आमचे सहकारी काही जगावेगळे सांगत नाहीत. जगाने जे साठ वर्षांपूर्वी केले ते तुम्ही आता तरी करा, एवढेच ते म्हणतात.

त्यांचे मुद्दे क्रमाने मांडतो. पहिला औंढ्याचा. औंढा नागनाथाच्या देवळाच्या बाहेरील भिंतींवर शिल्पांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांतल्या वरच्या रांगेतल्या मूर्तींचे चेहरे 45 मिलिमीटरच्या भिंगाला अंगठ्याएवढे दिसतात. तिथे 135 चे भिंगच हवे. दुसरा मुद्दा पोथ्यांचा. भजनी मंडळांच्या जुन्या, वाळवी लागलेल्या हस्तलिखित वह्या आमच्या पाहण्यात येतात. त्यांची पाने जवळून टिपायची तर याशिका 80 सेंटिमीटरच्या आत येऊ देत नाही. पेंटॅक्सचे 50 मिलिमीटरचे भिंग 45 सेंटिमीटरपर्यंत जाते. तिसरा मुद्दा घटाचा, म्हणजे बॅटरीचा. याशिका ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालण्यासाठी घडवला होता ती आता बनत नाही. नव्या बॅटरीला जोड देऊन काम चालवावे लागते, आणि बॅटरी मुळीच नसली तर शटर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागावरच अडून बसते. के1000 चे शटर मात्र निव्वळ यांत्रिक. बॅटरी संपली तर प्रकाशमापक तेवढा बंद पडतो. सेनगावच्या एखाद्या तांड्यावर पाऱ्याची बॅटरी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे.

पण याच मुद्द्यांपैकी पहिले दोन आज तपासून पाहिले तर त्यांचा जोर ओसरतो. 1980 साली ही चर्चा झाली असती तर आम्ही एका बैठकीत एसएलआर घेऊन मोकळे झालो असतो. आज आमच्या तिघांच्याही खिशात मोबाइल आहे. पोथीचे पान, ताम्रपटाची अक्षरे, वरच्या रांगेतली सुरसुंदरी हे सगळे तो फुकट आणि तत्काळ टिपतो. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसते तेच चित्रात येते. तत्त्वतः तोही एसएलआरच्याच कुळातला. मिररलेस कॅमेऱ्यांनी आरसा काढून टाकला, पण भिंगातून पाहण्याचे तत्त्व ठेवले. म्हणजे एसएलआरचे जे विशेष होते ते आता सार्वत्रिक झाले आहेत. फिल्मच्या एसएलआरने जे साधेल त्यातले पुष्कळसे आमच्याकडे आधीच आहे. रेंजफाइंडर जे देतो ते मात्र दुसऱ्या कशातच मिळत नाही. बदल्यात काय मिळते इतकेच पाहणारा हिशेब म्हणूनच अपुरा आहे. जे जाते ते पुन्हा कोठून आणावयाचे, हेही पाहिले पाहिजे.

मग ते काय आहे? आमच्या मते ती तीन गोष्टींची जुळणी आहे.

पहिली गोष्ट चेहऱ्याची. रेंजफाइंडरची खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला असते. उजवा डोळा तिला लावला की डावा डोळा आणि निम्मा चेहरा मोकळा राहतो. एसएलआरची खिडकी मधोमध. तिला डोळा लावला की समोरच्या माणसाला चेहऱ्याच्या जागी यंत्र दिसते. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण आमचा एक विद्यार्थी मागून आणलेला मोठा कॅमेरा घेऊन आमच्याबरोबर आला असता कळमनुरीकडच्या एका आजीने त्याला जे विचारले ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहे: "तोंड झाकून कुणाला बघायलास रे बाबा?" तिने ओवी अर्ध्यावर सोडली होती.

दुसरी गोष्ट आवाजाची. याशिकाचे शटर भिंगातच बसवलेल्या पातळ पात्यांचे आहे. उचलायला आरसा नाही. त्याचा आवाज जात्याच्या घरघरीत विरून जातो. आरसा नसल्याने हादराही नाही. त्यामुळे माजघरातल्या अपुऱ्या उजेडात एका सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ हातात धरूनही चित्र बहुधा हलत नाही. जाते घराच्या अंधाऱ्या भागातच असते. तिथे फ्लॅश मारणे म्हणजे ओवीच्या मध्ये टाळी वाजवणे.

तिसरी गोष्ट चौकटीबाहेरची. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. खुंटा दोघींच्या हातात, वैरण एकीची, ओवी कधी हिची कधी तिची. आम्ही जिचे चित्र घेत असतो तिच्या चेहऱ्यावर हसू उमटते ते दुसरीच्या ओवीमुळे, आणि ती दुसरी चौकटीच्या बाहेर असते. दाराशी सून उभी असते. तिने तोंडाला पदर लावला की म्हातारीच्या ओवीत सुनेचा उल्लेख यायचा आहे, हे उमगते. एसएलआरच्या खिडकीत चौकट म्हणजेच जग. तिच्या कडेला काळोख असतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकट ही जगावर आखलेली एक रेघ असते. रेघेबाहेरचे जग चालूच असते आणि ते रेघेच्या आत केव्हा शिरेल, याची वाट पाहता येते.

इथे साहित्याचा संबंध येतो. कथनमीमांसेत निवेदकाच्या स्थानाची जी चर्चा आपण वर्गात करतो तिचे हे जवळजवळ भौतिक रूप आहे. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त (1971) सारे काही शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत येते. तिच्या दृष्टीबाहेरचे वाचकाला दिसत नाही, आणि कादंबरीचा दाह त्या कोंडलेपणातूनच निर्माण होतो. हे भिंगातून पाहणे आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) राजाराम मास्तर गावात आलेला आहे, गावचा नाही. तो आपल्या खिडकीतून पाहतो. त्याची खिडकी आणि गावाचे भिंग यांत थोडे अंतर आहे, आणि तो ते अंतर लपवीत नाही. दोन्ही कादंबऱ्या थोर आहेत. तेव्हा एक दृष्टी खरी आणि दुसरी खोटी असा निकाल येथे लागत नाही. प्रश्न असा की परक्या घरात वही घेऊन शिरलेल्या आमच्यासारख्यांना यांतली कोणती दृष्टी शोभते? बोराड्यांना त्या बाईची बोली आतून ठाऊक होती. आम्ही ओव्या गोळा करतो, रचीत नाही. मास्तरची जागा हीच आमची खरी जागा.

रूपक याहून ताणू नये. यंत्राने नीती येत नाही. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या 1952 मधील प्रसिद्ध पुस्तकाचे इंग्रजी शीर्षक 'निर्णायक क्षणा'ची ग्वाही देते, पण मूळ फ्रेंच शीर्षकाचा रोख गुपचूप, घाईने उरकलेल्या प्रतिमांकडे आहे. लायकाच्या चकाकत्या कडा काळ्या करून तो लोकांच्या नजरेआड ठेवण्याची त्यांची रीत होती. म्हणजे रेंजफाइंडरची कीर्ती मुळात न दिसता टिपण्याची. आम्हांला नेमके उलटे हवे आहे. ज्यांचे चित्र घ्यायचे त्यांना आम्ही दिसलो पाहिजे. एकच यंत्र चोरालाही उपयोगी आणि पाहुण्यालाही. त्यामुळे रेंजफाइंडर अधिक सज्जन असा दावा आम्ही करीत नाही. पाहुण्याला तो अडथळा करीत नाही, एवढेच म्हणतो.

सहकाऱ्यांचा एक आक्षेप मात्र मानावाच लागतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत जवळचे-दूरचे सगळेच स्वच्छ दिसते. भिंगाला तसे दिसत नसते. खिडकी आणि भिंग यांत बोटभर अंतर असल्याने जवळच्या चित्रात चौकट सरकते. याशिका ती काही अंशी सावरून घेतो, पूर्णपणे नाही. "आपल्याला सगळे दिसते आहे या भ्रमात तुमचे यंत्र तुम्हांला ठेवते. माझे यंत्र निदान दाखवते की अमुक पुसट आहे," असे ते म्हणतात. नोंद करणाऱ्याला स्वतःच्या नजरेची मर्यादा पाहता आली पाहिजे, हे कोणत्याही संशोधनपद्धतीचे पहिले सूत्र आहे. यावर आमचे उत्तर इतकेच की ही मर्यादा पाहता येत नसली तरी शिकता येते. कोणत्या छिद्राला, किती अंतरावर, मागचे किती पुसट होईल हे रोलमागून रोल काढून अंगवळणी पडते. न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधणे हेही वाचनच आहे.

आणि औंढ्याचा मुद्दा? तिथली आख्यायिका मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. नामदेवांचे कीर्तन देवळासमोर होऊ दिले नाही. ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी आजही मागच्या बाजूला आहे. तिथल्याच विसोबा खेचरांची दुसरी कथा अशी की पिंडीवर ठेवलेले पाय नामदेवांनी उचलून जिकडे ठेवावे तिकडे पिंड. इतिहास म्हणून या कथांचे काय करावयाचे ते इतिहासकार ठरवोत. पाहणाऱ्याची जागा आणि पाहिले जाणारे यांच्या नात्याविषयी मात्र त्या बरेच काही सांगतात. देऊळ फिरणे ही भक्ताची मिरास आहे, छायाचित्रकाराची नव्हे. लांब पल्ल्याचे भिंग बसल्या जागी देऊळ आपल्याकडे ओढून आणते. न बदलणारे 45 चे भिंग आपल्याला उठवते आणि प्रदक्षिणा घालायला लावते. माणसांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. 135 च्या भिंगाने ओसरीच्या कडेला उभे राहून चुलीपाशी बसलेल्या बाईचा चेहरा भरून घेता येतो. तिला विचारावे लागत नाही. 45 च्या भिंगाला तिच्यापर्यंत चालत जावे लागते, बसावे लागते, चहाला हो म्हणावे लागते. 80 सेंटिमीटर हे अंतर साधारणपणे जात्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाईमधले आहे. तेवढ्यापर्यंत यंत्र जाऊ देते; त्याहून जवळ जाण्याचा अधिकार आम्हांलाही नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा. अदलाबदल करावयाची नाही. पोथ्या आणि शिल्पे मोबाइलवर टिपावयाची. बॅटरीचा मुद्दा निरुत्तर करणारा असल्याने दोन जोड आणि चार बॅटऱ्या कायम पिशवीत ठेवावयाच्या. याशिका ज्या दिवशी दुरुस्तीपलीकडे जाईल त्या दिवशी पुन्हा बैठक घ्यावयाची. एकेकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल मिळत असत. तो कारखाना बंद पडला. आता रोल बाहेरचा, महागडा, आणि धुण्यासाठी कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावा लागतो. छत्तीस चित्रांतले प्रत्येक मोजून घ्यावे लागते. ही अडचण दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच असल्याने निर्णयात ती धरलेली नाही.

हा निर्णय सार्वत्रिक नाही, हेही नोंदवणे अवश्य आहे. ज्याला इसापूरच्या किंवा सिद्धेश्वरच्या जलाशयावर उतरणारे पक्षी टिपायचे आहेत, शाळेच्या मैदानावरचा कबड्डीचा सामना घ्यावयाचा आहे, किंवा हळदीच्या पानावरचा कीटक पाहायचा आहे, त्याने विनासंकोच एसएलआर घ्यावा. रेंजफाइंडर त्याला पदोपदी अडवील. छायाचित्रण शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही आम्ही के1000 सारखाच कॅमेरा सुचवू, कारण भिंगाला काय दिसते हे आधी कळले पाहिजे. आमचे म्हणणे केवळ त्यांच्यासाठी आहे जे माणसांच्या घरात शिरून, त्यांच्याच शब्दांची नोंद करीत, मधूनच चित्र घेतात. अशांना यंत्राच्या क्षमतेपेक्षा त्याने घडवलेल्या अंतराचा विचार अधिक करावा लागतो.

आमचे सहकारी अद्याप सहमत नाहीत. पुढच्या खेपेला ते स्वतःच्या पैशांनी एसएलआर आणणार आहेत, आणि आम्हांला त्याचा आनंदच आहे. एकाच जात्यावरच्या एकाच दोघींची दोन चित्रे दोन खिडक्यांतून येतील. कोणते बरे, हे त्या दोघींनाच विचारू. घरी ठेवण्यासाठी त्या कोणती प्रत मागतात, त्यावरून कळेलच.